हॉट सीटच्या वाटेवर पाणी कुठे मुरतं?

टीव्हीवर क्विझ सुरू असली की घरात कोणीतरी विचारतंच, ‘यात बायका एवढ्या कमी का असतात?’ उत्तरही तयार असतं. ‘पुरुष पेपर वाचतात, बायका मालिका बघतात.’ कोणी जरा सौम्य शब्दांत म्हणतं, ‘बायकांना आवड नसते हो.’ एखादी काकू चिडून म्हणते, ‘चॅनेलवालेच घेत नसतील.’

या तिन्ही उत्तरांत एक समजूत सारखी आहे. फरक कुठेतरी एकाच जागी पडत असणार, मग ती जागा बाईचं डोकं असो, तिची आवड असो की चॅनेलचं ऑफिस. या प्रकरणात आपण ती समजूत तपासणार आहोत. त्यासाठी स्पर्धकाच्या खुर्चीपासून, म्हणजे हॉट सीटपासून, उलट्या दिशेने, तिच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जावं लागेल.

१. आधी दोन प्रश्न वेगळे करू

‘कौन बनेगा करोडपती’ (केबीसी) स्टार प्लसवर ३ जुलै २००० रोजी सुरू झालं. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. तेव्हा तो यूपीएससीची तयारी करत होता. एकटीने खेळून एक कोटी जिंकणारी पहिली बाई, झारखंडची राहत तस्लीम, त्यानंतर दहा वर्षांनी आली, २०१० साली. मुंबईच्या सनमीत कौर साहनी यांनी पाच कोटी जिंकले तो भाग जानेवारी २०१३ मधला.

परदेशातही चित्र फार वेगळं नव्हतं. अमेरिकेच्या ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस पहिल्यांदा १९९९ मध्ये गेलं. ते मिळवणारी पहिली बाई नॅन्सी ख्रिस्ती २००३ साली आली. ब्रिटनमध्ये मात्र दहा लाख पौंड सर्वांत आधी एका बाईनेच जिंकले. २० नोव्हेंबर २००० ला ज्युडिथ केपेल जिंकली. पण २०२० पर्यंत ते बक्षीस प्रत्यक्ष हातात पडलेल्या सहा जणांपैकी बाकी पाचही पुरुषच.

आता आपल्याकडचा पुढचा काळ बघा. २०१७ चा हंगाम: एकच करोडपती, जमशेदपूरच्या अनामिका मजुमदार. २०१८: पुन्हा एकच, गुवाहाटीच्या बिनिता जैन. २०१९: चार करोडपती, त्यांत एक बाई, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. २०२०: चार करोडपती आणि चौघीही बायका. बेरीज केली तर चार हंगामांतल्या दहांपैकी सात बायका.

मग खरं काय मानायचं? ‘दहा वर्षांत एकही नाही’ हे, की ‘दहांत सात’ हे? खरं तर आपण दोन प्रश्नांची सरमिसळ करतो. बायका खुर्चीपर्यंत किती पोहोचतात, हा एक प्रश्न. पोहोचल्यावर कशा खेळतात, हा दुसरा. दहा-बारा विजेत्यांच्या आकड्यांवरून कोणत्याही बाजूचा मोठा निष्कर्ष काढू नये, पण एवढं नक्की म्हणता येतं की खुर्चीत बसलेली बाई कच्ची पडते असं हे आकडे सांगत नाहीत. म्हणून आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

२. टेलचं शेत

धरणातून आवर्तन सुटतं. मुख्य कालवा, वितरिका, चारी, पोटचारी असं करत पाणी शेतापर्यंत येतं. वाटेत ते थोडं मुरतं, थोडं झिरपतं, थोडं वरच्या अंगाचे मोटारी लावून उपसतात. अगदी शेवटच्या, म्हणजे टेलच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला जी धार येते तिच्यावरून त्याच्या जमिनीचा कस कोणी ठरवत नाही. पाणी वाटेत कुठे गेलं, हे माणसं शोधतात.

क्विझचा हिशेबही तसाच करून पाहू. समजा, १०० पुरुष आणि १०० बायका आहेत आणि त्यांचं सामान्यज्ञान अगदी सारखं आहे. खुर्चीपर्यंत चार टप्पे आहेत: नाव नोंदवणं, निवडीच्या प्रश्नांना उत्तरं देणं, दूरच्या शहरात चाचणीला जाणं आणि चित्रीकरणासाठी मुक्काम करणं. प्रत्येक टप्प्यावर पाच पुरुष पुढे गेले तर बायका चार जातात. म्हणजे दर टप्प्याला फरक फक्त एक पंचमांशाचा, कोणाच्या नजरेत भरणार नाही असा.

आता मोजा. पहिल्या टप्प्यानंतर दर १०० पुरुषांमागे ८० बायका राहिल्या. दुसऱ्यानंतर ६४. तिसऱ्यानंतर ५१. चौथ्यानंतर ४१. शेवटी उरलेल्या १४१ जणांत ४१ बायका, म्हणजे साधारण २९ टक्के. ज्ञान सारखं, कोणी कोणाला अडवलेलं नाही, चॅनेलने कोणाचं नाव कापलेलं नाही, तरीही दहा खुर्च्यांपैकी सात पुरुषांच्या. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण गुणाकार खरा आहे. लहान गळती प्रत्येक पायरीवर होत राहिली की शेवटी ती मोठी दिसते.

अमेरिकेत २००० च्या सुमारास नेमका हाच पेच पडला होता. मिलियनेअरचा निवडीचा फोन कोणीही लावावा असा होता. तरी पडद्यावर बहुतांश गोरे पुरुषच दिसत. टीका वाढली तेव्हा सूत्रसंचालक रेजिस फिल्बिन यांना बायकांनी आणि इतर समाजांतल्या लोकांनी फोन करावेत, असं आवाहन करावं लागलं. दार सगळ्यांना उघडं असतं, पण दारापर्यंतचा रस्ता प्रत्येकाचा वेगळा असतो.

३. फोन कोणाच्या हातात?

केबीसीची नोंदणी कशी होते हे अनेकांना पाठ आहे. रात्री नऊला सूत्रसंचालक अमिताभ बच्चन एक प्रश्न विचारतात. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत एसएमएस किंवा अ‍ॅपवरून उत्तर पाठवायचं. असे प्रश्न काही दिवस रोज येतात. उत्तरं बरोबर असली तर नाव निवडीच्या यादीत जातं.

पहिली अट म्हणजे रात्री नऊला टीव्हीसमोर असणं. त्या वेळी बहुतेक घरांत पानं वाढलेली असतात आणि वाढणारी व्यक्ती स्वयंपाकघरात असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. मधल्या २०१ मिनिटांत पेपरही वाचून होतो आणि गेल्या वर्षीचं इयरबुकही चाळून होतं. ‘पुरुष पेपर वाचतात’ या वाक्यात तथ्य असेलच तर ते या तीन तास एकवीस मिनिटांत आहे.

दुसरी अट फोनची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. घरात फोन असणं आणि हातात फोन असणं यात अंतर आहे.

बबिता ताडे यांची गोष्ट इथे नेमकी लागू पडते. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. साडेचारशे मुलांचा स्वयंपाक आणि महिन्याला पंधराशे रुपये मानधन. एवढं मोठं बक्षीस जिंकून काय घेणार, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेली इच्छा देशभर गाजली. त्यांना एक मोबाइल घ्यायचा होता, कारण घरात सगळ्यांना मिळून एकच होता. ऐकणाऱ्यांना त्यात साधेपणा दिसला. आपल्या हिशेबाच्या दृष्टीने मात्र त्या एका वाक्यात नोंदणीच्या टप्प्यावरची सगळी गळती आली.

४. सरगूरहून बेंगळुरूला

आता दूरच्या शहरात जाण्याचा टप्पा. त्यासाठी एक गाव घेऊ. म्हैसूर जिल्ह्यात कबिनी नदीच्या काठावर सरगूर आहे. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होतं, आता स्वतंत्र तालुक्याचं ठिकाण आहे. इथल्या एखाद्या शिक्षिकेला क्विझमध्ये जायचं आहे असं समजा. कन्नड टीव्हीवर तिला पर्याय आहेत. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर डॉ. ना. सोमेश्वर २००२ पासून ‘थट्ट अंत हेळी’ चालवतात. ‘पटकन सांगा’ असा त्या नावाचा अर्थ, आणि बरोबर उत्तराला बक्षीस काय, तर पुस्तक. मोठ्या रकमेचा खेळ म्हणाल तर २०१२ मध्ये पुनीत राजकुमार यांनी ‘कन्नडद कोट्याधिपती’ सुरू केलं.

पण दूरदर्शनचं केंद्र बेंगळुरूत. सरगूरहून म्हैसूर पन्नास-साठ किलोमीटर, तिथून बेंगळुरू आणखी जवळजवळ दीडशे. पूर्वी लोक म्हणाले असते की तिकिटाला पैसे नसतील. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. म्हणजे आपल्या शिक्षिकेचं तिकीट शून्य रुपये. अडचण संपली का?

आता घरातले प्रश्न ऐका. सकाळची चाचणी असेल तर आदल्या रात्री मुक्काम कुठे? सोबत कोण येणार? त्याची रजा कोण भरून देणार? सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे डबे कोण बघणार? निवड झाली नाही तर शेजारी काय म्हणतील? हेच आमंत्रण तिच्या नवऱ्याला आलं असतं तर यातले बहुतेक प्रश्न निघालेच नसते. तो रात्रीची बस धरून गेला असता आणि दुसऱ्या रात्री परतला असता. तिकीट फुकट झालं, ही मोठीच गोष्ट झाली. पण या प्रवासाचा खर्च मुळात तिकिटात कमी आणि परवानगीत जास्त होता.

महाराष्ट्रातही मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तरी अंजनगाव सुर्जीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. कोल्हापूरच्या कविता चावला २०२२ मध्ये एक कोटी जिंकल्या. बारावीपर्यंत शिकलेल्या या गृहिणी २००० सालापासून, म्हणजे खेळ सुरू झाल्यापासून, प्रयत्न करत होत्या. आदल्या वर्षी मुंबईपर्यंत पोहोचल्या, पण हॉट सीट हुकली. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या आणि जिंकल्या. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या वाटेवर टिकायला बावीस वर्षांची चिकाटी लागते, तिथे मधेच थांबलेल्या किती जणी असतील, हे टीव्हीवर कधीच दिसत नाही.

५. ‘नक्की माहीत नाही’ याची किंमत

आतापर्यंतची गळती घराच्या आणि रस्त्याच्या बाजूची होती. आता उत्तरपत्रिकेतली पाहू.

अमेरिकेतले अभ्यासक जेफ्री मोंडाक आणि मेरी अँडरसन यांनी २००४ मध्ये राजकीय ज्ञानाच्या चाचण्या नव्याने तपासल्या. अशा चाचण्यांत पुरुषांचे गुण जास्त येतात, हे आधीपासून माहीत होतं. यांनी बघितलं की प्रश्न अडला तर कोण काय करतं. बायका अधिक वेळा ‘माहीत नाही’वर खूण करत होत्या, पुरुष अंदाजाने काहीतरी ठोकत होते. ही सवय हिशेबात धरली तर गुणांमधलं अंतर जवळजवळ निम्म्याने कमी झालं. म्हणजे गुणांतल्या फरकात अर्धा वाटा बेधडक उत्तर देण्याचा होता.

अंदाज करणं फायद्याचं असतं का? यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला नियम घेऊ. चार पर्याय, बरोबर उत्तराला पूर्ण गुण, चुकीला एक तृतीयांश वजा. समजण्यासाठी प्रश्न एका गुणाचा धरू.

काहीच माहीत नसताना ठोकलं तर चारांतून एकदा १ गुण मिळतो आणि तीनदा एक तृतीयांश जातो. तीन वेळचं नुकसान मिळून १. फायदा-तोटा शून्य.

एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर तीनांतून निवडायचं. तीन प्रयत्नांत एकदा १ गुण मिळाला, दोनदा मिळून दोन तृतीयांश गेला. तीन प्रश्नांमागे एक तृतीयांश गुण खिशात.

दोन पर्याय खोडता आले तर दोन प्रयत्नांत एकदा १ मिळतो, एकदा एक तृतीयांश जातो. दोन प्रश्नांमागे दोन तृतीयांश गुण फायद्याचे.

म्हणजे अर्धवट माहिती असली तरी उत्तर द्यावं, असं गणित सांगतं. कॅथरीन बाल्डिगा कॉफमन यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात चुकीला गुण कापले जात असताना बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून दिले आणि त्यामुळे सारखंच ज्ञान असलेल्यांतही त्या मागे राहिल्या. गुण कापायचं बंद केलं तेव्हा सगळ्यांनीच सगळे प्रश्न सोडवले.

‘खात्री नसेल तर गप्प बसावं’ हे मुलींना लहानपणापासून ऐकवलं जातं. सभ्य माणसाला ते शोभतंही. क्विझमध्ये मात्र गप्प बसणं आणि माहीत नसणं यांचे गुण सारखेच पडतात.

६. चढाओढ करायची हौस जन्मजात असते का?

‘बायकांना आवड नसते’ या उत्तराकडे आता येऊ. म्युरिएल निडर्ले आणि लीज व्हेस्टरलुंड यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटांत दोन अंकी पाच संख्यांच्या बेरजा करायच्या. एका पद्धतीत प्रत्येक बरोबर बेरजेला ठरलेले पैसे मिळणार. दुसऱ्या पद्धतीत चौघांची स्पर्धा. पहिला येईल त्याला चौपट, बाकीच्यांना काही नाही. बेरजा करण्यात पुरुष आणि बायका सारखेच निघाले. तरी पद्धत निवडायला सांगितल्यावर ७३ टक्के पुरुषांनी स्पर्धा निवडली, बायकांपैकी फक्त ३५ टक्क्यांनी. बेरजा चांगल्या करणाऱ्या बायका स्पर्धेपासून दूर राहिल्या, तर जेमतेम करणारे पुरुष उत्साहाने उतरले.

मग ही प्रकृतीच म्हणायची का? दोन वर्षांनी उरी नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न अमेरिकेबाहेर नेला. टांझानियातले मासाई हा पक्का पुरुषप्रधान समाज. मेघालयातले खासी मातृवंशीय, म्हणजे घराण्याचं नाव आणि घर मुलीकडून पुढे जातं. दोन्हीकडे टेनिसचा चेंडू बादलीत टाकायचा साधा खेळ ठेवला आणि पैसे कसे घ्यायचे ते निवडायला सांगितलं. मासाईंमध्ये ५० टक्के पुरुषांनी स्पर्धा निवडली, बायकांपैकी २६ टक्क्यांनी. खासींमध्ये बायका ५४ टक्के, पुरुष ३९ टक्के. एका प्रयोगाने निवाडा होत नाही, पण आवडीलाही घरची आणि गावची माती लागते एवढं यातून दिसतं.

शिवाय जिंकल्यावर काय वाट्याला येतं, तेही बघायला हवं. ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये २००९ साली गेल ट्रिंबल या विद्यार्थिनीने आपल्या संघाचे बहुतांश गुण एकटीने मिळवले. त्यानंतर तिच्या उत्तरांइतकीच चर्चा तिच्या दिसण्याची आणि ‘आगाऊपणा’ची झाली. उतरायचं की नाही हे ठरवताना बाई हाही हिशेब करत असते.

७. प्रश्न कशावर?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. सामान्यज्ञानाच्या अनेक चाचण्यांत एकूण गुणांत पुरुष थोडे पुढे निघतात. पण विषयवार पाहिलं तर चित्र बदलतं. क्रीडा, राजकारण, अर्थकारण यांत पुरुष पुढे. आरोग्य, आहार यांत बायका. एकूण बेरीज कोणत्या विषयाचे किती प्रश्न टाकले यावर ठरते.

एक नमुना. प्राथमिक शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचा सरकारी निकष दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य असा आहे. ४५० मुलांसाठी किती धान्य लागेल? ४५ किलो. हेच सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १५० ग्रॅमच्या निकषाने साडेसदुसष्ट किलो. देशातल्या लाखो स्वयंपाकी बायकांना हा निकष तोंडपाठ असतो. त्यातून कोट्यवधी मुलं रोज जेवतात. पण विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या सामनावीराचं नाव जितक्या वेळा विचारलं जातं, त्याच्या शतांशानेही हा प्रश्न येत नाही.

प्रश्न काढणारी मंडळी बहुधा क्विझच्याच वर्तुळातून येतात. ते वर्तुळ महाविद्यालयांत आणि क्लबांत घडतं. बेंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ पासून आहे, पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत बोट क्लब क्विझ क्लब आहे. इंजिनिअरिंगच्या वर्गांत मुली थोड्या होत्या त्या काळात ही परंपरा रुजली. माणूस आपल्याला ज्यात गंमत वाटते त्यावरच प्रश्न काढतो. त्यात कोणाचा कावा नसतो, पण खेळाचा कल ठरून जातो.

८. दहातली दोन

समजा, सगळे टप्पे पार करून ती पोहोचली. आता ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’. चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे. सर्वांत आधी अचूक लावेल तो हॉट सीटवर.

दहा स्पर्धकांत दोन बायका आहेत आणि दहाही जण सारखेच चपळ आहेत, असं धरू. एका फेरीत पुरुष निवडला जाण्याची शक्यता दहांत आठ. वेगवेगळ्या पाच फेऱ्यांत प्रत्येक वेळी दहांत दोनच बायका असतील तर पाचही वेळा पुरुषच निवडला जाण्याची शक्यता किती? ०.८ पाच वेळा घेऊन गुणत जायचं: ०.८, ०.६४, ०.५१, ०.४१, ०.३३. म्हणजे तीनांत एकदा असं होणार की सलग पाच फेऱ्यांत एकही बाई खुर्चीत दिसणार नाही, आणि त्यात कोणाची बोटं हळू असण्याचा संबंध नसेल.

प्रेक्षक मात्र त्या पाच भागांवरून मत बनवतो. ते मत सोफ्यावर बसलेली नववीतली मुलगीही ऐकते आणि पुढच्या नोंदणीच्या वेळी फोन हातात घेत नाही. शेवटच्या टप्प्यातली गळती अशी पुन्हा पहिल्या टप्प्यात जाऊन मिसळते.

९. टीव्ही जेव्हा दारात येतो

‘बायका पुढे येत नाहीत’ ही चॅनेलवाल्यांची नेहमीची तक्रार. या तक्रारीला मराठी टीव्हीनेच फार पूर्वी उत्तर दिलं आहे.

२००४ मध्ये झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. आदेश बांदेकर पुढची अनेक वर्षं घराघरांत जाऊन ‘वहिनीं’शी खेळ खेळत राहिले. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ झालं आणि अकरा लाखांची पैठणी चर्चेत आली. या कार्यक्रमाला बायका कमी पडल्याचं कोणी ऐकलं आहे? चाळीतल्या, वाडीतल्या, तालुक्याच्या गावातल्या बायका हौसेने खेळल्या, कॅमेऱ्यासमोर मनमोकळं बोलल्या, हरल्या तरी हसल्या. लाजणं, आवड नसणं, स्पर्धा न मानवणं यातलं काहीही आड आलं नाही.

कारण इथे चॅनेल तिच्या दारात आलं होतं. प्रवास नाही, मुक्काम नाही, परवानगीचा प्रश्न नाही. सासूबाई शेजारीच बसलेल्या. म्हणजे बायकांपर्यंत पोहोचायचं तंत्र टीव्हीच्या धंद्याला नीट अवगत आहे. ते पैठणीच्या खेळासाठी वापरलं गेलं, सामान्यज्ञानाच्या खेळासाठी नाही.

दुसरा पुरावा नकळत मिळाला. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे केबीसीला निवडप्रक्रिया ऑनलाइन करावी लागली. स्पर्धकांनी घरूनच अ‍ॅपवर चाचणी दिली आणि व्हिडिओ पाठवले. स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. फास्टेस्ट फिंगरला दहाऐवजी आठच जण बसत. त्याच हंगामात नाझिया नसीम, मोहिता शर्मा, अनुपा दास आणि नेहा शाह या चौघी करोडपती झाल्या. एका हंगामावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. चार हा आकडा फार लहान आहे. पण निवडीसाठी दूरच्या शहरात जाण्याचा टप्पा वगळला तर काय होतं, हे नीट मोजून पाहावं, असं सुचवायला तो पुरेसा आहे.

१०. दुरुस्ती कुठून करायची?

गळती अनेक ठिकाणी आहे, ही वाईट बातमी वाटते. उलट ती सोयीची आहे, कारण कोणत्याही एका ठिकाणी डागडुजी केली तरी फरक पडतो. मघाचाच हिशेब घ्या. चारांपैकी दोन टप्प्यांवरची गळती थांबली तर दर १०० पुरुषांमागे ४१ ऐवजी ६४ बायका उरतात. वाटा २९ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर जातो.

वाहिन्यांना करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पहिली चाचणी घरून, दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी. सोबत येणाऱ्या व्यक्तीचा प्रवास आणि मुक्काम. प्रश्न काढणाऱ्यांत निम्म्या बायका. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक टप्प्यावर किती पुरुष आणि किती बायका होत्या याचे आकडे दर हंगामाला जाहीर करणं. ‘बायका अर्जच करत नाहीत’ हे खरं की खोटं, याचा वाद त्याने एका कोष्टकात मिटेल.

पण क्विझची पहिली निवड वाहिनी करत नाही, ती शाळेत होते. सर वर्गात विचारतात, ‘तालुक्याच्या प्रश्नमंजूषेला कोण जाणार?’ चार हात वर होतात, त्यांतले तीन मुलांचे. संघ ठरला. इथे जॉइस ही, सोनिया कांग आणि निकोला लासेतेरा यांचं २०२१ मधलं संशोधन कामाला येतं. स्पर्धेत यायचं असेल तर नाव द्या, असं म्हटलं की बायका कमी येतात. सगळ्यांना आधीच स्पर्धेत धरलं आणि नको असेल त्यांनी नाव काढा, असं म्हटलं की हे अंतर उरत नाही.

वर्गात हे करायला खर्च काहीच नाही. हात वर करायला सांगायचंच नाही. सगळ्या वर्गाला तीस प्रश्नांची लेखी चाचणी द्यायची, चुकीला गुण कापायचे नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका असं बजावायचं. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चौघांची नावं फळ्यावर लिहायची आणि ज्याला नको असेल त्याने सांगावं, असं म्हणायचं. पहिल्याच वर्षी फळ्यावर अशी एक-दोन नावं येतील, ज्यांनी हात कधीच वर केला नसता. सरगूरची शाळा असो वा अंजनगावची, पुढच्या वीस वर्षांतल्या हॉट सीटची यादी तिथूनच सुरू होते.